छापा, काटा आणि इंटरव्ह्यू



प्लेसमेंटचा सीझन आला की हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये दोन प्रकारची मंडळी दिसायला लागतात. एक म्हणजे अ‍ॅप्टिट्यूडचं पुस्तक मांडीवर घेऊन नळ-टाकी आणि बोट-प्रवाह सोडवणारी. दुसरी म्हणजे हातात नाणं नाहीतर लुडोचा फासा घेऊन भिंतीकडे बघत बसणारी! ही दुसरी जमात 'क्वांट' म्हणवल्या जाणाऱ्या नोकऱ्यांच्या मागे असते.

क्वांट म्हणजे शेअर, ऑप्शन, व्याजदर, चलन यांच्या किमतींचा हिशेब गणिताने आणि कॉम्प्युटरने करणारा माणूस. न्यूयॉर्क, शिकागो, लंडन, अ‍ॅमस्टरडॅम ही या धंद्याची मोठी ठाणी. मुंबई, गुडगाव आणि बेंगळुरूलाही अशा पेढ्यांची ऑफिसं आहेत. गंमत म्हणजे सुरुवातीच्या नोकरीसाठी फायनान्सचं ज्ञान सहसा फारसं लागत नाही. मेकॅनिकल, सिव्हिल, ईएनटीसी, कोणीही चालतं. लागतं ते गणित आणि थोडं प्रोग्रॅमिंग. आणि इंटरव्ह्यूत "तुझी बलस्थानं सांग" याऐवजी विचारतात, "समज, तू एक नाणं उडवतोयस..."

इथेच बऱ्याच जणांची दांडी उडते. गणित येत नाही म्हणून नव्हे, तर उत्तर पाठ केलेलं असतं म्हणून! शाळेतलं आठवा. गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहिलं की बाई लाल शाईने लिहायच्या, "रीत कुठे?" या इंटरव्ह्यूंचं सगळं सार त्या दोन शब्दांत आहे. म्हणून या लेखात आपण उत्तरांपेक्षा रीतीच बघू.

हे प्रश्न विचारतातच का?

सगळीच कोडी उपयोगाची असतात असं नाही. 'विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील' छापाचे प्रश्न एकेकाळी सॉफ्टवेअर कंपन्यांत फार चालायचे. २०१३ साली गूगलचे त्या वेळचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी वृत्तपत्राला मुलाखत देताना स्पष्टच सांगितलं, की असे प्रश्न म्हणजे वेळेचा अपव्यय, त्यांतून काही कळत नाही. मग क्वांटवाले अजून कोडी का घालतात? कारण त्यांची कोडी ही त्यांच्या रोजच्या कामाचीच छोटी आवृत्ती असते. अपुरी माहिती, थोडा वेळ आणि 'बोल, किती रुपये देशील?' हा प्रश्न. संभाव्यतेच्या शास्त्राचा जन्मच मुळी असा झाला. १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यातला एक मुख्य प्रश्न हाच होता, की जुगाराचा डाव अर्धवट थांबला तर पैशाची न्याय्य वाटणी कशी करायची.

रीत पहिली : आधी प्रश्न नीट विचारून घ्या

तीन दारांचं कोडं तुम्हाला माहीत असेलच. एका दाराआड मोटार, दोन दारांआड बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता. सूत्रसंचालक उरलेल्यांपैकी एक उघडून बकरी दाखवतो आणि विचारतो, "दार बदलणार?" १९९० साली अमेरिकेतल्या 'परेड' मासिकात मॅरिलिन व्होस सॅव्हंट यांनी "बदला, जिंकण्याची शक्यता दोन-तृतीयांश होते" असं लिहिलं, तर त्यांना हजारो पत्रं आली. त्यात गणिताच्या डॉक्टरेटवाल्यांची "तुमचं चुकलं" म्हणणारीही होती. बाई बरोबर होत्या.

पण एक अट आहे. मोटार कुठे आहे हे सूत्रसंचालकाला ठाऊक हवं, आणि त्याने मुद्दाम बकरीचंच दार उघडायला हवं. त्याने डोळे मिटून एक दार उघडलं आणि नशिबाने बकरी निघाली असेल, तर बदला किंवा बदलू नका, शक्यता निम्मीच. प्रश्नातले आकडे तेच, उत्तर वेगळं! म्हणून पाठ केलेलं "दोन-तृतीयांश" फेकण्याआधी विचारा, "त्याला माहीत आहे का?" असा प्रश्न विचारल्याने मार्क कापले जात नाहीत, उलट मिळतात.

रीत दुसरी : मोठं गणित छोटं करा

स्लीपरचा ७२ बर्थचा डबा. ७२ प्रवासी, प्रत्येकाचा बर्थ ठरलेला, आणि सगळे ओळीने चढतात. पहिल्याचं तिकीट हरवलंय, तो कुठल्याही बर्थवर पथारी पसरतो. पुढचा प्रत्येक जण आपला बर्थ रिकामा असेल तर तिथे जातो, नसेल तर रिकाम्यांपैकी कुठलाही घेतो. शेवटच्या प्रवाशाला स्वतःचाच बर्थ मिळण्याची शक्यता किती?

७२ बघून घाबरू नका. दोनच प्रवासी घ्या. उत्तर उघड आहे, १/२. आता तीन घ्या. पहिला स्वतःच्याच जागी बसला (शक्यता १/३) तर सगळं सुरळीत. तिसऱ्याच्या जागी बसला (१/३) तर संपलंच. दुसऱ्याच्या जागी बसला (१/३) तर दुसऱ्यापुढे पहिल्याचा आणि तिसऱ्याचा असे दोन बर्थ उरतात, म्हणजे निम्मी शक्यता. बेरीज १/३ + १/६ = १/२. पुन्हा निम्मं!

आता वास आला ना? शेवटचा चढतो तेव्हा उरलेला एकमेव बर्थ हा एकतर त्याचा स्वतःचा किंवा पहिल्या प्रवाशाचा असतो. मधल्या कोणाचा रिकामा असता तर त्या माणसाने तो आधीच घेतला असता. आणि वाटेत ज्यांनी डोळे मिटून बर्थ निवडला, त्यांच्या लेखी हे दोन बर्थ सारखेच होते. म्हणून ७२ असो की ७२००, उत्तर १/२. टीसीला विचारायची गरज नाही!

रीत तिसरी : आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत?

हा सगळ्यात आवडता प्रश्न. लागोपाठ दोन छापे पडेपर्यंत नाणं उडवायचं. सरासरी किती वेळा उडवावं लागेल? आणि 'छापा, मग लगेच काटा' हवा असेल तर?

बहुतेक जण म्हणतात, दोन्हीला सारखंच, कारण दोन्हींची शक्यता एक-चतुर्थांश. इथे सापशिडी आठवा. हातात काहीच नसताना अजून लागणाऱ्या सरासरी फेकी 'क' धरा, आणि हातात एक छापा असतानाच्या 'ख'.

पहिली पायरी दोन्हीकडे सारखी. एक फेक खर्च झाली, निम्म्या वेळा छापा येऊन वर चढलो, निम्म्या वेळा तिथेच. म्हणजे क = १ + ख/२ + क/२, म्हणून क = २ + ख.

छापा-छापा हवा असेल तर दुसऱ्या पायरीवर काटा आला की साप गिळतो आणि आपण थेट तळाला. ख = १ + क/२. दोन्ही समीकरणं सोडवा, क = ६.

छापा-काटा हवा असेल तर दुसऱ्या पायरीवर 'नको तो' छापा आला तरी हातात छापा राहतोच! घसरण नाही. ख = १ + ख/२, म्हणजे ख = २ आणि क = ४.

सहा आणि चार. एवढ्यावर थांबलात तर तुम्ही पुस्तकातलं उत्तर दिलंत. मग समोरचा हळूच विचारतो, "बरं, एकच नाणं उडवत राहू. छापा-छापा आधी आलं तर मी जिंकलो, छापा-काटा आधी आलं तर तू. कोणावर पैसे लावशील?" आणि ६ व ४ घोकलेला गडी उत्साहाने सांगतो, "छापा-काटावर!" फसला. पहिला छापा पडला की पुढची एकच फेक निकाल लावते. सामना अगदी बरोबरीचा. सरासरी वाट पाहण्याचा वेळ वेगळा आणि शर्यत जिंकण्याची शक्यता वेगळी. वॉल्टर पेनी यांनी १९६९ साली तीन-तीन फेकींच्या क्रमांचा असाच खेळ मांडला. त्यातलं एक गणित लेखाच्या शेवटी गृहपाठात दिलंय.

रीत चौथी : शेवटून सुरुवात करा

एक फासा टाकायचा. जितके ठिपके पडतील तितके रुपये मिळतील. पसंत नसेल तर एकदा पुन्हा टाकता येईल, पण मग दुसरं दान पक्कं. हा खेळ खेळायला किती रुपये द्याल?

शेवटच्या दानापासून सुरू करा. तिथे पर्यायच नाही, किंमत सरासरीइतकी, साडेतीन रुपये. म्हणजे पहिल्या दानात ४, ५, ६ आलं तर ठेवा, १, २, ३ आलं तर पुन्हा टाका. निम्म्या वेळा सरासरी ५ रुपये, निम्म्या वेळा ३.५०. किंमत झाली ४.२५ रुपये. आता एक जादा संधी द्या, एकूण तीन दानं. पहिल्या दानाला ४.२५ पेक्षा चांगलं हवं, म्हणजे फक्त ५ आणि ६ ठेवा. एक-तृतीयांश वेळा सरासरी ५.५०, उरलेल्या वेळी ४.२५. उत्तर सुमारे ४.६७ रुपये.

आता हे आकडे बघा. 'पुन्हा टाकायचा हक्क' पहिल्यांदा ७५ पैशांना पडला, दुसऱ्यांदा साधारण ४२ पैशांना. सक्ती नसलेल्या हक्काची किंमत! बाजारात ऑप्शन म्हणतात तो हाच. मुदतीआधी कधीही वापरता येणाऱ्या ऑप्शनची किंमत अशीच शेवटच्या दिवसापासून मागे मागे येत काढतात. कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाइन यांची १९७९ सालची शाखाशाखांची पद्धत म्हणजे हाच फासा, फक्त पायऱ्या जास्त. बघा, फायनान्सचं एकही लेक्चर न बसता तुम्ही ऑप्शनची किंमत काढलीत!

रीत पाचवी : पुरावा तोलून बघा

पोत्यात १००० नाणी. त्यातलं एकच खोटं, दोन्हीकडे छापा. न बघता एक नाणं काढलं, दहा वेळा उडवलं, दहाही वेळा छापा! ते खोटं असण्याची शक्यता किती?

मन म्हणतं, ९९ टक्के. सूत्र आठवण्याआधी मोजा. खरी नाणी ९९९. प्रत्येकाला लागोपाठ दहा छापे पडण्याची शक्यता १/१०२४. म्हणजे पोत्यातलं प्रत्येक नाणं दहादा उडवलं तर सरासरी ०.९८ खरी नाणी हा पराक्रम करतील, आणि खोटं एक तर करणारच. सामना १ विरुद्ध ०.९८ असा. उत्तर जेमतेम ५०.६ टक्के!

हे फक्त नाण्यांचं नाही. दहा टिपा लागोपाठ खऱ्या ठरलेला 'मार्केटचा राजा' मोबाईलवर दिसला, तर आधी विचारा, असे राजे एकूण किती जण होऊ बघत होते? हजारो लोक नाणं उडवत असतील तर कोणाला तरी दहा छापे पडणारच.

रीत सहावी : समोरचा 'हो' का म्हणाला?

ट्रेडिंगच्या इंटरव्ह्यूत एक खेळ हमखास असतो, 'भाव सांग'. अप्पा बळवंत चौकातला जुन्या पुस्तकांचा दुकानदार जसा घ्यायचा भाव वेगळा आणि विकायचा वेगळा ठेवतो, तसे दोन भाव तुम्ही सांगायचे. मग समोरचा तुम्हाला विकेल, तुमच्याकडून घेईल, किंवा नको म्हणेल.

समजा, तीन फासे झाकून ठेवलेत आणि बेरजेइतके रुपये मिळणार आहेत. सरासरी १०.५०. तुम्ही म्हणालात, "१० ला घेतो, ११ ला विकतो." समोरचा म्हणतो, "मी एक फासा बघितलाय हं," आणि लगेच, "११ ला घेतला!"

आनंद मानू नका, विचार करा. उरलेल्या दोन फाशांची सरासरी ७. बघितलेला फासा ५ किंवा ६ असेल तरच त्याला ११ ला घेण्यात फायदा. म्हणजे तुमच्या मालाची किंमत आता १२.५० झाली, आणि तुम्ही तो दीड रुपया तोट्याने विकलात. त्याच्या 'हो'मध्येच माहिती होती. म्हणून पुढचा भाव वर न्या. दोन भावांतलं अंतरही वाढवा. बाजारात हे अंतर काही अंशी याच भीतीपोटी असतं, हे ग्लॉस्टन आणि मिलग्रोम यांनी १९८५ साली गणिताने मांडलं. इंटरव्ह्यू घेणारा बघतो ते एवढंच, की सौदा झाल्यावर तुम्ही भाव बदलता का, की "मघाशी १०.५० म्हणालो होतो ना" म्हणून हट्ट धरता.

रीत सातवी : किती लावायचे?

एक नाणं १०० पैकी ६० वेळा छापा पडतं. तुम्ही छाप्यावर लावलेत तर जितके लावाल तितके मिळतील किंवा जातील. खिशात १००० रुपये. किती लावाल?

सरासरीचा हिशेब म्हणतो, प्रत्येक रुपयामागे २० पैसे फायदा, सगळेच लावा. पण दरवेळी सगळे लावून दहा डाव टिकण्याची शक्यता ०.६ चा दहावा घात, सुमारे ०.६ टक्के. १००० जण खेळले तर साधारण सहा श्रीमंत आणि बाकीचे मेसचं बिल थकवून बसलेले! बेल लॅब्समधल्या जॉन केली यांनी १९५६ साली याचं उत्तर दिलं. पैसा दीर्घकाळ जास्तीत जास्त वेगाने वाढवायचा असेल तर अशा सौद्यात जिंकण्याची शक्यता वजा हरण्याची शक्यता, इतका हिस्सा लावा. ०.६ वजा ०.४ म्हणजे ०.२. १००० पैकी २०० रुपये, आणि पुढच्या वेळी उरतील त्यांच्या २० टक्के. बाजू आपली असतानाही माणूस बुडू शकतो, ही या नोकरीतली पहिली शिकवण.

आणि बाजू आपली नसेल तर? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत इक्विटी फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. त्याच अभ्यासात २०२३-२४ साली स्वतःच्या पैशाने ट्रेडिंग करणाऱ्या पेढ्या आणि परदेशी गुंतवणूकदार ढोबळ नफ्यात दिसतात, आणि तो नफा बहुतांशी कॉम्प्युटरच्या अल्गोरिदमने कमावलेला. म्हणजे रात्री जेवण झाल्यावर रूममध्ये बसून मोबाईलवर ऑप्शन घेणाऱ्याच्या समोर टेबलाच्या पलीकडे कोण बसलंय? याच इंटरव्ह्यूतून पास झालेली, फासा आधी बघितलेली मंडळी! नोकरी मिळो न मिळो, "समोरचा 'हो' का म्हणाला?" हा एक प्रश्न विचारायची सवय लागली तरी घरून आलेली मनीऑर्डर वाचेल.

तयारी कशी करायची?

थोडक्यात सांगायचं तर, दोघांनी मिळून. एकाने कोडं घालायचं, दुसऱ्याने मोठ्याने बोलत सोडवायचं. गप्प बसून बरोबर उत्तर देणाऱ्यापेक्षा बोलत बोलत अडखळणारा बरा, कारण त्याला हिंट देता येते. आणि हिंट मिळाली की घ्यायची, तिथे मानापमान नाही.

मराठी मिडीयमच्या मित्रांना खास सांगणं. विचार मराठीत करायला कोणाची ना नाही. अडतं ते इंग्रजी वाक्य जुळवताना. म्हणून चार-पाच साधी वाक्यं तोंडात बसवून ठेवा. "लेट मी ट्राय अ स्मॉलर केस," "आय अ‍ॅम अझ्युमिंग दॅट...", "लेट मी चेक धिस." एवढ्यावर निम्मा इंटरव्ह्यू निघतो.

तोंडी हिशेब रोज दहा मिनिटं करा. ४८ × ५२ म्हणजे २५०० वजा ४. १७ × २३ म्हणजे ४०० वजा ९. बऱ्याच ठिकाणी पहिली चाळणी घड्याळ लावूनच असते. पुस्तकांत फ्रेडरिक मॉस्टेलर यांचं १९६५ सालचं पन्नास कोड्यांचं छोटं पुस्तक अजूनही उत्तम आहे. पण दिवसाला एकच कोडं, आणि किमान अर्धा तास उत्तर न बघता. आज कुठल्याही कोड्याचं उत्तर मोबाईलवर मिनिटात मिळतं. म्हणूनच नुसत्या उत्तराला किंमत उरलेली नाही.

आणि एवढं करून नाही झालं सिलेक्शन, तर? जागा मोजक्या आणि उमेदवार ढीगभर, हे आधीच माहीत असलेलं गणित आहे. अर्ध्या तासातली चार कोडी म्हणजे चार फेकी. चार काटे पडले म्हणून नाणं खोटं ठरत नाही, हे तुम्हीच वर सिद्ध केलंय!

गृहपाठ

१) एकच नाणं उडवत राहायचं. 'काटा-छापा-छापा' आधी येईल की 'छापा-छापा-छापा'? पहिल्याची शक्यता किती?
२) फाशाचे सहाही आकडे एकदा तरी बघायला सरासरी किती दानं लागतील?
३) पोत्यातल्या त्या नाण्याची अकरावी फेक छापा पडण्याची शक्यता किती?
४) फाशाच्या खेळात एकूण चार दानं दिली तर खेळाची किंमत किती?

उत्तरं : १) ७/८. २) १४.७. ३) सुमारे ७५.३ टक्के. ४) सुमारे ४.९४ रुपये.

उत्तरं मुद्दामच इथे दिली आहेत, म्हणजे शोधायला नको. रीत मात्र आज रात्री रूममेटला समजावून सांगा. तो "हां, पटलं" म्हणाला की तुमची तयारी झाली असं समजा. आणि नाही पटलं, तर तो का पटत नाही म्हणतोय ते नीट ऐका. कदाचित त्याने फासा बघितला असेल!